पत्र्याखालचं होम थिएटर

प्रत्येक होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी रूम अशी असते, जिच्यातल्या स्पीकरवर अख्खी विंग जगते. रेक्टर सरांचा राउंड होईपर्यंत तिथे नुसता 'बेस' घुमत असतो आणि शेजारच्या रूममधल्या टेबलावर ड्रॉइंगच्या पेन्सिली आपोआप गडगडत असतात. त्या रूमच्या मालकाला विचारा, "किती वॅटचे रे?" तो छाती फुगवून सांगतो, "दोन हजार!" आता दोन हजार वॅट म्हणजे एक अख्खा गिझर. होस्टेलवर कोणी चोरून साधी कॉइल लावली तरी विंगचा फ्यूज उडतो, मग हा पठ्ठ्या दोन हजार वॅट आणतो कुठून? पण तेवढा विचार करायला वेळ कोणाला आहे! सगळे 'भारी' म्हणतात आणि पिक्चर सुरू होतो.

मित्रहो, मी ई अँड टीसीचा. त्यामुळे 'घरी स्वस्तात ५.१ कसं बसवायचं?' हा प्रश्न माझ्याकडे दर सेमला चार-पाच वेळा तरी येतो. शेवटी ठरवलं, एकदाच लिहून टाकू. कारण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हा उद्योग घरी करून बसलोय.

घर भंडारदऱ्याला. म्हणजे धरण भंडारदरा, गाव शेंडी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर. तुमच्यातले निम्मे जण तिथे येऊन गेलेत हे मला माहीत आहे. कोणी मे-जूनमध्ये काजवे बघायला, कोणी पावसात रंधा धबधब्यापाशी फोटो काढायला, कोणी १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन डॅम बघायच्या नावाखाली कणसं आणि भजी खायला. आमच्याकडे सराउंड साउंड जून ते सप्टेंबर फुकट असतो. पुढे पाऊस, मागे पाऊस, डोक्यावर पाऊस. आणि घरावर पत्रा असेल तर शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. अशा घरात कोणी होम थिएटर कशाला बसवील?

कारण आमची आजी.

आजी ७७ वर्षांची. सगळं आयुष्य भातलावणीत गेलेलं. संध्याकाळी टीव्ही लागला की पुढच्या खोलीतली खाट तिची. दोनेक वर्षांपूर्वी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. विनोद झाला की आधी आम्ही हसायचो, मग आमच्या तोंडाकडे बघून ती हसायची. सेकंदभर उशिरा. पुढे तेही थांबलं. टीव्ही लागला की ती उठून मागच्या पडवीत जाऊन बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "काय बघायचं त्यात? समदे गुळण्या केल्यावानी बोलत्यात."

आण्णांनी आवाज वाढवला. आवाज चाळिसावर गेला तशी आई स्वयंपाकघरातून ओरडायला लागली. आजीचं म्हणणं मात्र तेच. "आवाज येतोय रं बाळा, शब्द येत न्हाईत."

प्रोजेक्टचं 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' लिहायला आपल्याला आठ-आठ दिवस लागतात. आजीने पाच शब्दांत सांगितलं. आवाज येतोय, शब्द येत नाहीत!

तिला संगमनेरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे ऑडिओमेट्री झाली. कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे आवाज ऐकवतात आणि ऐकू आलं की बोट वर करायचं. हातात आलेला आलेख बघून मी गारच पडलो. सुरुवातीला रेषा जवळपास सरळ आणि एक किलोहर्ट्झच्या पुढे उताराला लागलेली. आपण लॅबमध्ये काढतो तसा लो-पास फिल्टरचा रिस्पॉन्स! वय वाढलं की साधारण असंच होतं, वरच्या फ्रीक्वेन्सी आधी जातात. आता गंमत बघा. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, आणि स्वरांची बरीचशी शक्ती एक किलोहर्ट्झच्या खाली. अर्थ मात्र असतो व्यंजनांत. स, श, च, थ, फ ही मंडळी दोन किलोहर्ट्झच्या वर राहतात आणि आवाजाने असतातही बारीक. म्हणजे आजीला 'आ-ई-ओ' पोचत होतं आणि 'साखर' की 'घागर' हे कळत नव्हतं. गुळण्याच त्या! आण्णांनी आवाज वाढवला तेव्हा गुळण्या मोठ्या झाल्या, एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कानाचं मशीन घेतलं. माणसांशी बोलताना आजी ते लावते आणि त्याचा उपयोगही होतो. पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काढून डब्यात ठेवते. म्हणते, "ह्यो पाऊस बी मोठा करतोय." बरोबरच आहे. मशीन जवळचं-लांबचं सगळंच उचलतं. मी फोनमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर बघितलं, जोराच्या सरीला आकडा सत्तरच्या वर. साधं बोलणं एक मीटरवरून साठच्या आसपास भरतं. सिग्नल साठ, नॉइज सत्तर. असा रेशो घेऊन कोणतं कम्युनिकेशन होणार?

तेव्हा ठरवलं की या सुट्टीत घरी ५.१ बसवायचं, पण हेलिकॉप्टर डोक्यावरून नेण्यासाठी बसवायचं नाही. शब्द आजीपर्यंत पोचवण्यासाठी बसवायचं. बजेट तीन हजार.

आधी बाजाराची गोष्ट सांगतो, कारण तुमचेही पैसे तिथेच जाणार आहेत. नाशिकला चार दुकानं फिरलो. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत आकडे. १०,००० वॅट, १५,००० वॅट. शेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ'. हा आकडा कसा मोजायचा याचा कोणताही सर्वमान्य नियम नाही, त्यामुळे ज्याला जो आवडेल तो तो छापतो. आपल्याला बघायचा तो 'आरएमएस'. तोही सापडला नाही तर खोकं उलटं करा आणि पाठीमागची पट्टी वाचा. तिथे वीज किती खाते ते लिहिलेलं असतं. भिंतीतून साठ वॅट घेणारा डबा स्पीकरला सतत दहा हजार वॅट देत असेल तर थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना बोलवायला हवं!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डब्याबरोबर पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे म्हणून तो ५.१ होत नाही. पाच म्हणजे पाच वेगवेगळे आवाज: पुढे डावा, पुढे उजवा, मधला आणि मागचे दोन. त्यापुढचा 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खर्जासाठी राखलेला, बाकीच्यांच्या मानाने अगदी अरुंद असा सहावा रस्ता. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया'साठी थिएटरात अनेक चॅनेलचा आवाज वाजवला गेला होता. डॉल्बी डिजिटल हे ५.१ पहिल्यांदा १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर आलं. त्या सहा रस्त्यांनी वेगवेगळा माल यायला हवा. स्वस्त डब्यांच्या पाठीमागे बऱ्याचदा लाल-पांढरी अशी एकच जोडी असते. तिच्यातून दोनच आवाज आत जातात, आणि डबा त्यांचीच नक्कल पाचही स्पीकरना वाटतो. मेसमधल्या आमटीसारखं, ताटं पाच पण आमटी एकच. तेव्हा खोक्यावरचं चित्र बघू नका, पाठीमागची भोकं बघा. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी असेल आणि आत डॉल्बी डिजिटल डीकोडर असेल तर ते खरं. किंवा मग सहा चॅनेलसाठी तीन वेगळ्या पिना असतील तर तेही खरं.

साउंडबारचाही विचार केला. चांगली वस्तू आहे, तारांचं लफडं नाही. पण बार टीव्हीखाली बसतो आणि आजीची खाट बारा फुटांवर. माझा प्रश्न त्या बारा फुटांचाच होता.

शेवटी माल मिळाला आपल्याच होस्टेलवर. शेवटच्या सेमची परीक्षा संपली की सीनियर लोक कूलर, गादी, बादली सगळं विकायला काढतात, तसा एकाने जुना ५.१ कॉम्प्युटर स्पीकरचा सेट काढला होता. बावीसशेला सौदा झाला. त्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिना होत्या. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची. घरी ताईच्या बारावीच्या वेळचा डेस्कटॉप धूळ खात पडला होता, त्याच्या मदरबोर्डाला मागे सहा रंगीत भोकं. म्हणजे डीकोडर घरातच होता! पिक्चरच्या डीव्हीडीतला ५.१ आवाज कॉम्प्युटर व्हीएलसीवर सुटा करतो आणि सहा चॅनेल वेगळे देतो. नवा रिसीव्हर घ्यायची गरजच नाही.

सेट घेऊन एसटीने निघालो. अकोल्याहून राजूरमार्गे शेंडी. सबवूफर मांडीवर. कंडक्टरने वरून खालून बघितलं आणि विचारलं, "देव्हारा का?" मी म्हटलं, "स्पीकर आहे, काका." ते म्हणाले, "मग लगेज लागंल. देव्हारा असता तर सोडला असता."

घरी पुढची खोली बारा फूट बाय दहा फूट. चारही भिंती गिलाव्याच्या, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर मागे 'टर्रर्र' असा आवाज. समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमध्ये आवाज टप्पे खात राहतो तो हा. अशा खोलीत लाखाचा स्पीकर आणला तरी तो गुळण्याच करणार, कारण पहिल्या अक्षराचा प्रतिध्वनी दुसऱ्या अक्षरावर सांडतो. म्हणून पहिला दिवस स्पीकरचं खोकं उघडलंच नाही. आधी खोली.

बाहेर यासाठी फोमचे टाइल मिळतात, महाग असतात. आमच्या घरी गोधड्या होत्या. आजीनेच शिवलेल्या, जुन्या लुगड्यांच्या, चांगल्या जाड. एक टीव्हीसमोरच्या भिंतीवर टांगली, म्हणजे खाटेच्या पाठीमागे. दोन खाली अंथरल्या. कोपऱ्यांत भाताची पोती होतीच, ती आण्णा हलवायला निघाले होते, त्यांना म्हटलं राहू द्या. कोपऱ्यात खर्ज साठतो, आणि तिथे काहीतरी जाड आणि भुसभुशीत असलेलं बरं. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधले आणि त्यांच्यावर जुनी पोती पसरली. पाऊस त्याने थांबत नाही. पण आवाजाची जात बदलते. आधी पत्र्यावर ताशा वाजायचा, आता ढोल वाजतो. आणि व्यंजनं ज्या पट्टीत राहतात ती ताशाची पट्टी, ती थोडी मोकळी झाली. पुन्हा टाळी वाजवली. 'टर्र' गेलं.

मग स्पीकर. पुस्तकातली मांडणी सोपी आहे. ऐकणाऱ्याच्या नाकासमोर मधला स्पीकर, तिथून डावा आणि उजवा तीस-तीस अंशांवर, मागचे दोन शंभर ते एकशे वीस अंशांच्या मध्ये, म्हणजे कानांच्या किंचित मागे. पुढच्या तिघांची उंची कानाइतकी. कंपास पेटीतला कोनमापक घेऊन जमिनीवर खडूने रेघा मारल्या तेव्हा आईला वाटलं मी वास्तुशास्त्र बघतोय.

तारांबद्दल दोन वाक्यं, कारण इथे बरेच जण पैसे घालवतात. सेटबरोबर येणारी तार पुष्कळदा केसासारखी असते. साधारण ०.२ चौरस मिमीची वीस फूट तार घेतली तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास जातो. चार ओहमच्या स्पीकरला म्हणजे पाचातला एक भाग तारेतच तापून गेला. साधी एक चौरस मिमीची तांब्याची वायर घेतली की हे नुकसान पाचपट कमी. सोन्याचा मुलामा वगैरेची गरज नाही. प्लस-मायनस मात्र सगळ्यांचं सारखं हवं. खुणा पुसल्या असतील तर अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. कोन बाहेर ढकलला गेला तर सेलची प्लस बाजू जिथे आहे तोच स्पीकरचा प्लस. एक जरी उलटा लागला तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि मधला आवाज पसरट होतो.

सबवूफरची जागा शोधायची पद्धत सगळ्यांत मजेशीर. खोलीच्या लांबी-रुंदीप्रमाणे काही फ्रीक्वेन्सी फुगतात, काही मरतात. आमची बारा फुटी लांबी ४७ हर्ट्झला आणि दहा फुटी रुंदी ५६ हर्ट्झला घुमते. गणित सोपं, आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. जागा शोधायची तर सबवूफर माणसाच्या जागी ठेवायचा आणि माणसाने सबवूफरच्या जागा शोधत जमिनीवर रांगायचं. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल ती त्याची जागा. तेव्हा चित्र असं होतं की आजीच्या खाटेवर सबवूफर बसलाय, त्यातून घुंगघुंग चाललंय, आणि तिसऱ्या वर्षाला पोचलेला नातू भिंतीकडेने चार पायांवर फिरतोय. आजी दारात उभी. आईला म्हणाली, "ह्याला कॉलेजात ह्येच शिकवत्यात का गं?"

जागा सापडल्यावर सबवूफर मुद्दाम अर्ध्यावर ठेवला. होस्टेलच्या मित्रांनो, हे जरा मनावर घ्या. खर्जाचा मोठा आवाज त्याच्यापेक्षा वरच्या फ्रीक्वेन्सींना झाकून टाकतो. खोली हादरते, आणि हिरो काय म्हणाला ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

आता मूळ प्रश्न. मधल्या स्पीकरमधून संवाद येतात, पण तो टीव्हीखाली, आजीपासून बारा फुटांवर. तोच आवाज तीन फुटांवरून दिला तर? अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. बाराचे सहा, सहाचे तीन, म्हणजे बारा डेसिबल. हे उघड्या मैदानातलं गणित, खोलीत थोडं कमी भरतं. पण बारा डेसिबल विकत घ्यायचे झाले तर वॅट सोळापट लागतात. दहा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर एकशे साठ वॅटचा करण्यासारखं काम, आणि लागणार फक्त नऊ फूट वायर.

म्हणून मी मागचे दोन्ही स्पीकर भिंतीवरून काढले आणि आजीच्या खाटेच्या डोक्याशी, दोन्ही अंगांना, तीन फुटांवर लावले. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं. कोणत्या चॅनेलचा आवाज कोणत्या स्पीकरला पाठवायचा, त्याला किती उशीर लावायचा, कोणती पट्टी किती वर-खाली करायची हे सगळं त्यात साध्या ओळी लिहून करता येतं. मागच्या स्पीकरमध्ये मागचा आवाज बंद केला आणि मधल्या चॅनेलचा, म्हणजे संवादांचा आवाज दिला. ऑडिओमेट्रीचा कागद शेजारी ठेवून दोन किलोहर्ट्झच्या वरची पट्टी हळूहळू चढवली. पूर्ण आलेख उलटा करून भरला नाही, तसं केलं तर आवाज कर्कश होतो आणि कानाला त्रास. आजीला विचारत, थोडं थोडं.

एक अडचण उरली. बोलणारा माणूस टीव्हीत समोर आणि आवाज कानाशी, हे विचित्र वाटतं. ही तक्रार जुनी आहे. बोलपटात माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून, हे खटकलं म्हणून इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइनने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. माझ्या कामाला आला हेल्मुट हास. त्याने १९४९ साली दाखवून दिलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर मेंदू जो पहिला येईल त्याचीच दिशा धरतो. मागून येणारा काही मिलिसेकंद उशिरा असेल तर तो दहाएक डेसिबल मोठा असला तरी चालतो, स्वतंत्र ऐकूच येत नाही. मोठ्या सभांना मैदानात मागे लावलेल्या स्पीकरना उशीर लावतात तो यासाठीच. हिशेब केला. टीव्हीखालचा आवाज आजीपर्यंत यायला नऊ फूट जास्त चालतो, म्हणजे आठ मिलिसेकंद. खाटेच्या स्पीकरना वीस मिलिसेकंद उशीर लावला. आता पहिला येतो टीव्हीचा आवाज, दिशा तो ठरवतो. मागून येतो खाटेचा, शब्द तो पोचवतो. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला मला जेमतेम मार्क होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की 'डिले' हा ब्लॉक कोणीतरी कशासाठी तरी शोधलाय.

मालिकांचं काय? त्या सेट टॉप बॉक्सवर येतात आणि त्या लाल-पांढऱ्या जोडीतून फक्त डावा आणि उजवा आवाज मिळतो. ती जोडी कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात लावली. बोलणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं मिसळलेलं असतं, म्हणून डावा अधिक उजवा केला की बोलणं वर येतं आणि दोन्हीकडे वेगवेगळं पसरलेलं संगीत मागे राहतं. तीच बेरीज मधल्याला आणि खाटेला दिली. कॉम्प्युटरमधून फिरून आल्यामुळे ओठ आणि शब्द यांत किंचित फरक पडतो, पण तेवढा चालवून घेतला.

आमच्या विंगमध्ये हे सांगितलं तेव्हा एक मित्र भडकलाच. म्हणाला, "मग मागचा इफेक्ट गेला की! बंदुकीची गोळी मागे कशी जाणार? हे ५.१ राहिलंच कुठे?" त्याचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. आमच्या घरी गोळी मागे जात नाही, ती समोरच कुठेतरी पडते. पण सराउंड म्हणजे तरी काय? खोलीतल्या माणसांना आवाजाने वेढून घेणं. आमच्या खोलीतलं एक माणूस त्या वेढ्याच्या बाहेर, मागच्या पडवीत जाऊन बसलं होतं. माझ्याकडे दोन स्पीकर जादा होते, ते मी तिकडे लावले.

मे महिन्यात सगळं ठीक चाललं, पण मे महिन्यात पत्रा गप्प असतो. खरी परीक्षा जुलैत. सबमिशन आटोपून दोन दिवस घरी गेलो होतो. घाटघरच्या बाजूने सकाळपासून काळंकुट्ट आलेलं, संध्याकाळी मुसळधार. वर ढोल चालू. टीव्हीवर एक जुना विनोदी मराठी पिक्चर लागला होता. आजी खाटेवर गोधडी घेऊन बसलेली. मी मुद्दाम टीव्हीकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. पडद्यावर सासऱ्याने जावयाला काहीतरी टोमणा मारला, पाऊस आणि आईच्या फोडणीत मला तो ऐकूच आला नाही. आजी हसली. आमच्याकडे न बघता, टीव्हीकडे बघत. मग मी तिच्याकडे बघून हसलो, सेकंदभर उशिरा. आण्णांनी मला विचारलं, "काय म्हणाला रे तो?" मी म्हटलं, "आजीला विचारा."

आजीने सांगितलं, पुन्हा हसून, नक्कल करून.

सगळं जमलं असं मुळीच नाही. फारच जोराची सर आली की तीही पडद्याकडे बघत नुसती मान हलवते. वीज गेली की तासभर अंधारात बसून आम्ही सगळेच मूळचा सराउंड ऐकतो. आणि कानाचं मशीन लागतंच, त्याला स्पीकर पर्याय नाही. तुमच्या घरी कोणी आवाज वाढवा-वाढवा म्हणत असेल तर स्पीकरच्या दुकानाआधी कानाच्या डॉक्टरकडे जा. तो आलेख हातात आल्याशिवाय काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही.

बाकी तुम्हाला पिक्चरसाठीच बसवायचं असेल तरी हिशेब तोच. आधी टाळी वाजवून खोली तपासा. मग खोक्याची पाठ वाचा. वायर जरा जाड घ्या, प्लस-मायनस सांभाळा, सबवूफर निम्म्यावर ठेवा. आणि वॅट वाढवण्याआधी स्पीकर एक हात पुढे ओढून बघा. माझा एकूण खर्च: सेट २,२००, वायर ३५०, पिना आणि केबल १५०, तट्टे २४०. बेरीज २,९४०. गोधड्या आणि पोती घरची. ६० रुपये उरले, त्यातले लगेजचे गेले.

निघायच्या दिवशी आजी म्हणाली, "त्या पल्याडच्या म्हातारीला बी कळत न्हाई काय बोलत्यात ते. तिला बी करून दे की."

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीतलं काम ठरलंय. त्या घरीही पत्राच आहे, पोती आहेत, गोधड्या आहेत. सहा भोकांचा जुना डेस्कटॉप आणि तीन पिनांचा ५.१ सेट तेवढा हवा. पासआउट होणाऱ्या कोणाकडे असेल तर दुसऱ्या मजल्यावर येऊन सांगा. सबवूफर फाटका असला तरी चालेल, मधला स्पीकर मात्र धड हवा.

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)